पोटातल्या बाळाची टिकटिक

बागलाणात मोसम नदीच्या काठी नामपूर आहे. तिथला शेतकरी गाभण गाईच्या कुशीवर हात ठेवतो आणि वासरू हलते आहे की नाही ते सांगतो. आपल्या सुइणीही गरोदर बाईच्या पोटावर हात फिरवून बाळाचे डोके कुठे आहे ते ओळखत आल्या. पण बाळाच्या काळजाचा ठोका कानाने ऐकावा, याकडे वैद्यकाने नीट लक्ष दिले ते गेल्या दोनशे वर्षांतच.

१८१८ साली जिनीव्हा शहरातल्या मेयर नावाच्या शस्त्रवैद्याने आईच्या पोटाला सरळ कान लावला आणि आतले ठोके ऐकले. त्याच्या आधी दोनच वर्षे, १८१६ मध्ये, पॅरिसच्या लाएनेकने छाती तपासायची नळी शोधली होती. केर्गाराडेक या डॉक्टराने ती नळी गरोदर बाईच्या पोटाला लावली. त्याला ऐकायचे होते गर्भजल हलल्याचा आवाज. ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक! तिची गती आईच्या नाडीच्या सुमारे दुप्पट होती. ठोका बाळाचाच, हे त्यावरूनच उमगले. १८२१ साली त्याने हा शोध विद्वानांपुढे मांडला. पुढे १८९५ च्या सुमारास पिनार याने कर्ण्यासारखी साधी नळी प्रचारात आणली. रुंद तोंड पोटावर, दुसऱ्या टोकाला कान. वीज नको, तेल नको.

याच काळात आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या वेळी त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचा निश्चय केला. १८८६ साली त्यांनी अमेरिकेत पदवी घेतली, आणि त्यासाठी लिहिलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता.

१९५८ पासून ठोक्यांची रेघ कागदावर उमटवणारी यंत्रे पुढे येऊ लागली. मग पोटाला लावले की ठोका मोठ्याने ऐकवणारी हातातली डॉप्लर यंत्रेही आली. यंत्र मोठे म्हणून बाळ जास्त सुखरूप, असे मात्र समजू नका. १९८५ साली डब्लिनच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. यंत्र सतत लावलेल्या बाळांना झटके कमी आले, पण बाळे दगावण्याचे प्रमाण तेवढेच राहिले. धोका नसलेल्या बाळंतपणात ठराविक वेळाने नीट कान देणारी परिचारिका पुरेशी असते. कळा चालू असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी ठोके मोजावेत. मिनिटाला ११० ते १६० ठोके हे ठीक समजतात. मोजताना आईची नाडीही धरावी, नाहीतर तिचाच ठोका बाळाचा वाटायचा.

एक गैरसमज काढून टाकू. ठोके जलद तर मुलगी, सावकाश तर मुलगा, असे एकोणिसाव्या शतकात युरोपातले काही डॉक्टरही सांगत. ते खरे ठरले नाही. ठोका बाळाची खुशाली सांगतो. मुलगा की मुलगी, ते सांगत नाही. गर्भलिंग पाहणे तर आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

शिक्षकांनी हे गावात सांगावे. आणि सासूबाईंनो, सुनेने ‘बाळ आज हलत नाही’ म्हटले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच घटकेला गाडी जोडा आणि दवाखाना गाठा. ठोका ऐकायला कोणी कान लावला, तरच तो ऐकू येतो.