अनवाणी पायांचा रोग

श्रोतेहो, रोगाला स्वभाव समजले म्हणजे गरिबावर केवढा अन्याय होतो, याची एक खरी हकिकत आज सांगायची आहे. ती आहे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतली, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची.

हा कापूस पिकवणारा मुलूख. इथल्या गरीब शेतकऱ्यांविषयी लोक सर्रास म्हणत, "ही माणसेच आळशी!" त्यांचे चेहरे फिकट, थोडे काम केले की धाप लागायची. मुले वर्गात पेंगायची. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने सांगितले की, याच्या मुळाशी आळस नाही, अंकुशकृमी आहे. हा बारीक किडा आतड्याला चिकटून रक्त शोषतो. माणसे उघड्यावर शौचास बसली की त्याची अंडी मातीत पडतात. ओलाव्याने त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. वर्तमानपत्रांनी त्याचीही थट्टाच केली. म्हणाली, सापडला एकदाचा आळसाचा जंतू!

१९०९ साली तेलाच्या धंद्यातले धनाढ्य जॉन रॉकफेलर यांनी या कामासाठी १० लाख डॉलर दिले. प्रमुख नेमले विक्लिफ रोज यांना. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. त्यांनी धोरण ठरवले की, काम त्या त्या राज्याच्या आरोग्य खात्यामार्फतच करायचे. पैसा संपला तरी काम थांबता कामा नये!

पण दान देणे सोपे, घेणे अवघड. "आमच्या मुलखाला रोगट म्हणता?" असे म्हणून कित्येकांना राग आला. कोणी म्हणाले, या शेठजीला आता जोडे विकायचे असतील!

मग गावोगाव तात्पुरते दवाखाने भरू लागले. लोक शिदोरी बांधून, गाड्या जोडून येत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून त्यांना किड्याची अंडी दाखवत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर कोण नाही म्हणणार? औषध फुकट मिळे. ते होते थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्यात असते तेच द्रव्य; मात्र ते डॉक्टरांनी मोजून द्यायचे. ११ राज्यांत हे काम चालले. शाळकरी मुलांपैकी शेकडा ४० च्या सुमारास मुलांना ही बाधा होती, असा अंदाज आहे. जिथे बाधा जास्त होती, तिथे या मोहिमेनंतर शाळेतली हजेरी अधिक वाढली, असे पुढे अभ्यासकांना आढळले.

१९१४ अखेर हे मंडळ बंद झाले. किडा नाहीसा झाला काय? नाही. औषध घेतलेले मूल पुन्हा त्याच मातीत, त्याच अनवाणी पायांनी खेळायला जाई. गोळी एका दिवसात देता येते; घरोघर संडास बांधायला वर्षे लागतात. मात्र ठिकठिकाणच्या सरकारी आरोग्य खात्यांना बळ आले, आणि पुढचे काम त्यांनी चालवले. दात्याच्या पैशाने वाट दाखवली. चालायचे होते ते लोकांनी आणि सरकारने.

आपल्याकडेही २०१५ पासून शाळांतून आणि अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गोळी द्यावीच, पण तिच्याबरोबर संडास, चप्पल आणि स्वच्छ हातही हवेत. आणि गुरुजी, एखादे पोर वर्गात पेंगताना दिसले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्या फिकट चेहऱ्याकडे आणि अनवाणी पायांकडे एकदा पाहा.