केकवरचा जांभळा

मागच्या भागानंतर घरी केक करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, की लाल, पिवळा, निळा सरळ मिळतो, मग जांभळा मात्र दर वेळी मिसळूनच का करावा लागतो? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी दोनशे वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा लंडनमध्ये मिठाईला रंग यायचा तो धातूंतून. लाल म्हणजे शेंदूर, हिरवा म्हणजे तांब्याचा गंज, पिवळ्यात शिसं. 1820 मध्ये फ्रेडरिक अ‍ॅकमनं भेसळीवर पुस्तक लिहून बोंब मारली. दहाएक वर्षांनी ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरनं लंडनच्या दुकानांतल्या रंगीत गोळ्या तपासल्या आणि मुलांच्या हातात काय विष जातंय ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. हाच ओशॉनेसी पुढं कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आला आणि आपल्या देशात तारायंत्राचं जाळं त्यानंच उभारलं! पण ती गोष्ट वेगळी.

मग आलं 1856. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत क्विनाईन बनवायला गेला आणि हाती लागला रंग. कोणता? जांभळाच. डांबरापासून काढलेला हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. त्यामागून शेकडो रंग आले, आधी कापडावर, मग खाण्यात. धातूंपेक्षा हे बरे, असं सगळ्यांना वाटलं. पण कापडाचा रंग तो कापडाचा रंग.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे 80 च्या आसपास रंग खाण्यात होते. सरकारनं बर्नार्ड हेस या रसायनतज्ज्ञाला ते चाळायला बसवलं. 1907 मध्ये चाळणीत उरले फक्त सात. त्यांत जांभळा नव्हता. पुढं 1950 मध्ये एक जांभळा यादीत आला, मांसावर शिक्के मारायला वापरायचे तो. 1973 मध्ये त्यालाही बाहेर काढलं.

आपल्याकडे आज आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे, एक हिरवा. बस्स. जांभळा नाही, काळा नाही, चॉकलेटी नाही. म्हणजे ताई, जांभळ्या रंगाची तयार बाटली आणलीत तरी आत लाल आणि निळाच असतो. लेबल वाचून बघा.

आता मिसळताना काय होतं? लोण्याचं आयसिंग मुळात पिवळसर. त्यात नारिंगी झाक असलेला पाँसो घातला, की जांभळ्याचा मातकट रंग होतो. कार्मोइसिनची झाक निळ्याकडे जाते, तो घ्या. निळा टूथपिकच्या टोकानं, अगदी थेंबाथेंबानं. आणि गिऱ्हाईक “अजून गडद” म्हणालं तरी बाटली उपडी करू नका. बहुतेक पदार्थांत किलोमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि वाढदिवसाला सगळ्यात मोठा फुलाचा तुकडा मागतं ते घरातलं सगळ्यात लहान पोर. आयसिंग झाकून काही तास ठेवा, शक्यतो रात्रभर. रंग आपोआप चढतो. संध्याकाळी फिकट वाटलेला जांभळा सकाळी बघाल तर तोच का, असं वाटेल.