गेमिंग लॅपटॉप घ्यायचा की हलका? भिवंडीहून रोज ये-जा करणाऱ्यांनी आधी हे वाचा

इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळालं की घरात पहिला प्रश्न फीचा असतो आणि दुसरा लॅपटॉपचा. माझ्या मावसभावाला ठाण्याच्या पुढच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळाली. काका भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी आहेत. बजेट ७५ हजार, त्यातले निम्मे हप्त्यावर. भावाला कीबोर्डखाली रंगीत दिवे लागणारा गेमिंग लॅपटॉप हवा होता. काकांचं म्हणणं, "रोज एवढं ओझं कोण नेणार?" दोघांनीही मला फोन केला, एकमेकांना न सांगता.

हा लॅपटॉप चार वर्षं पुरवायचा आहे. निवड चुकली तर दुसरा घ्यायला पैसे नाहीत. म्हणून नीट समजून घेऊ.

फरक नेमका कशात असतो?

ग्राफिक्स चिपमध्ये. हलक्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचं काम मुख्य प्रोसेसरमध्येच बसवलेला भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळी चिप असते आणि तिला स्वतःची मेमरी असते. ही चिप भरपूर वीज खाते, त्यामुळे तापते. तापते म्हणून जाड पंखे आणि तांब्याच्या नळ्या लागतात, त्याने वजन वाढतं. वीज जास्त लागते म्हणून चार्जरही विटेएवढा येतो. म्हणजे वजन, आवाज, उष्णता, बॅटरी या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. त्या चिपची तुम्हाला गरज आहे का, एवढंच ठरवायचं असतं.

पाठीवर किती किलो?

जाहिरातीत फक्त लॅपटॉपचं वजन लिहितात, चार्जरचं नाही. १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप साधारण २.२ ते २.५ किलोचा असतो. त्यात २०० वॉटच्या आसपासचा चार्जर धरला की आणखी अर्धा ते पाऊण किलो. म्हणजे जवळपास ३ किलो, आणि यात डबा, पाण्याची बाटली, जर्नल अजून आलेलंच नाही. १४ इंची हलका लॅपटॉप १.२ ते १.४ किलोत बसतो (१३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे) आणि त्याचा ६५ वॉटचा चार्जर मुठीत मावतो.

आता आपला रस्ता आठवा. भिवंडीत मुंबईची लोकल थेट येत नाही. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर. त्यामुळे बहुतेकांचा दिवस ठाणे किंवा कल्याणकडे जाणाऱ्या बसने किंवा शेअर रिक्षाने सुरू होतो. कशेळीच्या पुलाआधी मेट्रो ५ चे खांब मोजत बसायचं, मग स्टेशन, मग लोकल. रिक्षात बॅग मांडीवर, लोकलमध्ये छातीशी. कॉलेजमध्ये असताना मी दोन वर्षं अडीच किलोचा लॅपटॉप असा नेला. तिसऱ्या वर्षी नेणंच बंद केलं, आणि घरी पडून राहिलेला लॅपटॉप वर्गात शून्य कामाचा. माझ्या मते वजनाचा खरा तोटा खांदेदुखी हा नाहीच. लॅपटॉप घरी राहतो, हा आहे.

बॅटरीचं गणित

बॅटरीची क्षमता वॉट-तासात मोजतात. ६० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि नोट्स काढताना लॅपटॉप ६ वॉट खात असेल, तर ती १० तास चालेल. तेच काम करताना लॅपटॉप २० वॉट खात असेल तर ३ तास. हलके लॅपटॉप पहिल्या प्रकारात मोडतात, गेमिंग लॅपटॉप बऱ्याचदा दुसऱ्या. मोठी बॅटरी लावून प्रश्न सुटत नाही, कारण विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही. त्यामुळे कंपन्या त्या आकड्याच्या आतच थांबतात.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. गेमिंग लॅपटॉपची पूर्ण ताकद चार्जर लावल्यावरच मिळते. बॅटरीवर असताना ग्राफिक्स चिपला पुरेशी वीज मिळत नाही आणि गेम अडखळायला लागतो. म्हणजे कॅन्टीनमध्ये बसून मित्रांना गेम दाखवायचा असेल तर आधी प्लग शोधा.

बिल, इन्व्हर्टर आणि कापसाची रुई

रोज ४ तास गेम आणि लॅपटॉप सरासरी १५० वॉट खातोय असं धरा. महिन्याला १८ युनिट झाली. हलका लॅपटॉप १५ वॉटने तेवढाच वेळ चालला तर १.८ युनिट. भिवंडीत २००७ पासून वीज वितरण टोरंट पॉवरकडे आहे, पण घरगुती दर राज्यात इतरत्र असतात तसेच टप्प्याटप्प्याने वाढतात. १०० युनिट ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर बराच वर जातो. तुमचं बिल ९५ वर अडकत असेल तर ही १८ युनिट महागात पडतील. वीज गेल्यावर घरचा छोटा इन्व्हर्टर ६५ वॉटचा चार्जर सहज ओढतो, पण २०० वॉटचा ओढताना पंखे आणि ट्यूब किती वेळ चालतील याचा हिशेब करावा लागतो.

आता खास भिवंडीचा मुद्दा. ज्यांच्या घराशेजारी लूम आहेत त्यांना माहीत आहे की खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, कपाटामागे रुईचा पांढरा थर बसतो. लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. साध्या धुळीपेक्षा हे तंतू वाईट, कारण ते उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पट्ट्यांवर नमद्यासारखे चिकटतात आणि हवेची वाट बंद करतात. मग लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे लवकर जाणवतं. गेमिंग लॅपटॉप जास्त हवा ओढतो, म्हणून तो लवकर तुंबतो. लूमजवळ राहत असाल तर तीन-चार महिन्यांनी साफसफाई हवी. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून खराब होऊ शकतो. खालचं झाकण उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. मॅकबुक एअरमध्ये २०२० पासून पंखाच नाही, त्यामुळे रुईचा हा त्रास तिथे नाही. पंख्याचा आवाज मात्र आपल्याकडे मुद्दा नाही. शेजारी माग चालू असताना तो ऐकू येतो कुणाला!

एकच नाव, वेगळी ताकद

गेमिंगच घ्यायचा ठरवलं असेल तर सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. दोन लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०६०' लिहिलंय, एक दहा हजारांनी स्वस्त आहे. चिप तीच. मग फरक कसला? चिपला किती वीज दिली आहे त्याचा. या चिपच्या लॅपटॉप आवृत्तीला उत्पादक ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. कमी विजेवर चालणारा ४०६० हा पूर्ण विजेवर चालणाऱ्या ४०५० च्या मागे पडू शकतो. हा आकडा 'टीजीपी' या नावाने कंपनीच्या साइटवर बारीक अक्षरात असतो. दुकानात विचारा. सांगता आलं नाही तर तिथेच फोनवर शोधा.

डेस्कटॉपचं नाव आणि लॅपटॉपचं नाव सारखं असलं तरी ताकद सारखी नसते. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी. यूट्यूबवर रिव्ह्यू बघताना तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते तपासा.

कोणाला काय लागतं?

कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स: पहिली दोन वर्षं सी, जावा, पायथनच चालतं. हलका पुरतो. मशीन लर्निंगसाठी वेगळी चिप लागते हे खरं, पण शिकण्यापुरतं काम गूगल कोलॅबवर मर्यादित वेळ फुकट होतं.

आर्किटेक्चर आणि इंटिरियरवाल्यांनी मात्र ओझं सोसायची तयारी ठेवावी. रेव्हिट आणि ल्युमियनला ताकद लागतेच, आणि डेडलाइनच्या रात्री रेंडर अडकला की हलकेपणाचा काही उपयोग नसतो. मेकॅनिकलवाले कधी इकडे, कधी तिकडे. सीनियरना विचारा की सॉलिडवर्क्सचं काम लॅबमध्ये होतं की घरी.

कॉमर्स, सीएचे विद्यार्थी, गोदामात किंवा कारखान्यात हिशेब बघणारे: टॅली आणि एक्सेल. इथे गेमिंग लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात. पण टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर थेट नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, तरी जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचं टोकन लावायचं असेल तर त्याचा ड्रायव्हर या प्रोसेसरसाठी निघाला आहे का, ते आधी बघा. नाहीतर जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी कळेल.

लग्नाचे व्हिडिओ, रील्स एडिट करणारे: वेगळी चिप उपयोगाची आहे, पण एम सिरीजचा मॅकबुक एअरही हे काम चांगलं करतो. तिथे गेम मात्र मोजकेच. व्हॅलोरंट मॅकवर नाही.

अजून तीन गोष्टी, पटकन

रॅम १६ जीबी घ्या. अनेक हलक्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा वाढवता येते, पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे 'आत्ता ८ घे, पुढे टाकू' हा सल्ला आता तितका स्वस्त राहिलेला नाही. स्क्रीनची चमक ३०० निट्सच्या खाली नको. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असेल तर तो वीज वाचवणारा, एच किंवा एचएक्स असेल तर ताकदीचा.

दोन्ही हवं असेल तर?

१४ इंची, दीड किलोच्या आसपासचे गेमिंग लॅपटॉप मिळतात, पण किंमत लाखाच्या बरीच वर. त्यापेक्षा घरी डेस्कटॉप आणि बॅगेत साधा, वापरलेला लॅपटॉप ही जोडी मला जास्त पटते. डेस्कटॉपचे सुटे भाग ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर आजही भाव करून मिळतात, आणि त्याच पैशात लॅपटॉपपेक्षा जास्त ताकद येते. वापरलेला लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ ला चालतो का बघा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

खरेदी करताना

गंमत म्हणजे मुंबईकर ऑनलाइन मागवतात त्यातल्या कितीतरी वस्तू आपल्याच गोदामांतून सुटतात. तरी डिलिव्हरी घेताना बॉक्स डिलिव्हरी बॉयसमोरच उघडा आणि सलग व्हिडिओ काढा. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का, आणि ४२१३०२ या पिनला ती मिळते का, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून कळवून घ्या. नाहीतर बिघडलेला लॅपटॉप घेऊन पुन्हा तोच रस्ता. घरच्या धंद्याची जीएसटी नोंदणी असेल आणि लॅपटॉप खरंच धंद्यासाठी असेल, तर बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या. १८ टक्क्यांनी ५९ हजारांच्या बिलात ९ हजार कर असतो, त्याचं क्रेडिट मिळू शकतं.

मावसभावाला मी एकच काम दिलं होतं: तू खरंच खेळतोस त्या गेमची यादी लिही. यादीत दोनच नावं आली, व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. दोन्ही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सेटिंग थोडी खाली ठेवून चालतात. त्याने १४ इंची, १.४ किलोचा, १६ जीबीचा लॅपटॉप घेतला, ५८ हजारांत. उरलेले १७ हजार काकांनी दुसऱ्या सेमिस्टरच्या फीसाठी बाजूला ठेवले. रंगीत दिव्यांचा कीबोर्ड तो वेगळा घेणार आहे म्हणे, दिवाळीला.