गावच्या हसण्यात आमचा वाटा

ग्रामीण विनोदाचा इतिहास सांगताना मुस्लिम समाजाला फार तर प्रेक्षकांत जागा मिळते. आमचा वाटा तेवढाच नव्हता, हे आम्हाला येथे मांडायचे आहे.

आमच्या माढा तालुक्यातले मोडनिंब संगीत बारीसाठी ओळखले जाते. या भागात जत्रा असो की उरूस, ढोलकीवर थाप पडली की मुलाणी, तांबोळी, बागवान, अत्तार सारे गावाबरोबर मांडी घालून बसत. गण, गौळण आणि बतावणी झाली की वग सुरू होई. वगातला सोंगाड्या बहुधा नोकर किंवा शिपाई. पण वाकडे उत्तर देऊन राजाला आणि प्रधानाला तोच चीत करी. पाटील-सावकारापुढे वर्षभर मान खाली घालणारा माणूस त्या रात्री त्यांच्यादेखत मोकळेपणी हसे. तमाशातल्या विनोदाचे खरे काम हेच होते.

हा मंच घडवणाऱ्यांत आपली माणसे होती. उत्तर पेशवाईतले नामवंत लावणीकार सगनभाऊ मुसलमान होते. शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. 1944 साली अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्या चळवळीत तमाशाला लोकनाट्याचे रूप आले आणि सोंगाड्याची थट्टा थेट सावकारशाहीला भिडली.

पुढे हे हसू शहरात गेले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि आमच्याच जिल्ह्यात अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला सभागृहे भरू लागली. 1965 साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आले, 1971 साली दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. ही सारी मंडळी खेड्यावर माया करणारी. तरीही एक फरक पडलाच. फडात खेडूत दुसऱ्याला हसत होता. शहरात पुष्कळदा लोक खेडुताला हसू लागले.

मुसलमान पात्राचेही असेच झाले. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (1949) मध्ये मुलाण्याचा बकस, तांबोळ्याची खाला ही माणसे गावचीच म्हणून भेटतात. पडद्यावर मात्र अनेकदा आमच्या तोंडी मोडकी हिंदी आली आणि तेवढ्यावरच हशा पिकवला गेला.

आमची बोली तशी नाही. घरात दखनी, चावडीवर मराठी, बाजारात दोन्हींची सरमिसळ. ‘मैंच’, ‘इधरच’ यांतला ‘च’ तर मराठीनेच दखनीला दिला. खालाचे टोमणे, लग्नातल्या फजित्या, उरुसातली भांडणे हा सारा ऐवज अजून पुरता कागदावर उतरलेला नाही. तो दुसऱ्या कोणी लिहावा, अशी वाट आम्ही का पाहावी? सगनभाऊंचे नाव अभिमानाने घ्यायचे, तर स्वतःवर हसण्याची हिंमतही आपल्या लेखणीत हवी.