डोक्याभोवतीचे कडे

मानेचे स्नायूच लुळे पडले, तर डोके सावरायचे कोणी? पोलिओच्या साथींनी हा प्रश्न उभा केला. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाच्या जॅकलिन पेरी व व्हर्नन निकेल यांनी १९५९ साली आपला उपाय प्रसिद्ध केला. कवटीभोवती धातूचे कडे, ते चार टोकदार पिनांनी हाडात पक्के केलेले आणि दांड्यांनी धडाच्या प्लास्टरशी जखडलेले!

खरी परीक्षा मात्र त्या पिनांची. १९८६ साली गार्फिन व सहकाऱ्यांनी १७९ रुग्णांची पाहणी छापली. ३६ टक्के रुग्णांत पिना सैल झाल्या होत्या, २० टक्क्यांत जंतुसंसर्ग. मोठ्या माणसाला आठ इंच-पौंडांचा पीळ बरा, हे पुढे मान्य झाले. तो मोजूनच द्यायचा, हाताच्या अंदाजाने नव्हे बरं का!

पुढची पिन भुवईच्या बाहेरच्या भागावर, सेंटिमीटरभर वर. आत सरकली की कपाळाचा मज्जातंतू दुखावतो. बाहेर गेली की कानशिलाचे पातळ हाड लागते. त्या वेळी रोग्याने डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर कातडी ताणून मागाहून पापण्याच मिटत नाहीत. एकदोन दिवसांनी पिना एकदा आवळायच्या. मुलांची कवटी नाजूक, म्हणून तिथे पिना अधिक आणि पीळ कमी. आणि सैल पिन आवळूनही हाडात धरत नसेल, तर तिच्याशी झगडू नये. दुसऱ्या जागी नवी बसवावी.