उत्प्रेरक परिवर्तकाचे पृष्ठविश्लेषण
वाहनांच्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे ज्या उत्प्रेरकांवर निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होते, त्यांच्या पृष्ठभागाची रासायनिक परीक्षा. प्लॅटिनमावर कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीकरण कसे होते, याचे स्पष्टीकरण अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये दिले. कार्बन मोनॉक्साइडाने पृष्ठभाग व्यापला की ऑक्सिजनाला जागा उरत नाही व विक्रिया मंदावते. एंजिन थंड असताना परिवर्तक निष्प्रभ ठरतो, त्याचे हे एक कारण होय.

अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर १९७५ पासूनच्या बहुतेक मोटारगाड्यांत परिवर्तक बसविण्यात आले. पेट्रोलातील शिसे धातूचा पृष्ठभाग झाकून उत्प्रेरक निकामी करीत असल्याने शिसेरहित पेट्रोल अनिवार्य झाले. काई सीगबान (नोबेल पारितोषिक १९८१) यांनी विकसित केलेल्या क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन पद्धतीने वरच्या काही नॅनोमीटर थरातील मूलद्रव्ये व त्यांची रासायनिक अवस्था समजते. त्यामुळे शिसे, फॉस्फरस व गंधक यांचे निक्षेप ओळखता येतात. गेरहार्ट एर्टल यांनी विक्रियेच्या वेळी प्लॅटिनमाच्या पृष्ठावरील अणूंची मांडणीच बदलते, असे दाखविले. पृष्ठरसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र निर्वातातील स्वच्छ स्फटिकावरचे निष्कर्ष प्रत्यक्ष परिवर्तकास जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला. २००० मध्ये देशभर शिसेरहित पेट्रोल आले. उत्प्रेरकाच्या रक्षणासाठी वगळलेले शिसे मुलांच्या रक्तातूनही घटले, हा या इतिहासातील सर्वांत मोठा लाभ होय.