खरकटं कोणी काढायचं

आमच्या महाडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरच्या अंगाला पोलादपूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्या मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यामुळे भांडी घासायची म्हटलं की इकडे पहिला प्रश्न साबणाचा नसतो; पाणी कोण वाहून आणणार, हा असतो. आणि ते बायकाच आणतात.

माझं माहेर पोलादपूरकडचं, डोंगरातलं. आई भांडी जवळजवळ कोरडीच घासायची. चुलीतली राख, पेंढ्याचा बोळा, नाहीतर नारळाची शेंडी. भाताचा टोप आणि कढई तेवढी आधी भिजत घातलेली. पाणी फक्त विसळण्यापुरतं, आणि तेही पुढे अळवाला. तुसाची राख सगळ्यात चांगली, असं ती म्हणायची. त्यात तथ्य होतं. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे अगदी बारीक वाळूच. आणि लाकडाच्या राखेतल्या क्षाराने तेलकटपणा सुटतो. पितळेला आमसूल किंवा चिंच. सणासुदीला, लग्नाकार्याला पत्रावळी आणि केळीची पानं. पाणी वाचवायचा तो जुना उपाय. पुढे त्याची जागा थर्माकोलने घेतली, याचं मला वाईट वाटतं.

पाऊस सरला की कल्हईवाला यायचा. खड्डा खणून भाता बसवायचा, पातेलं चांगलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरत. मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने असा गरकन फिरवायचा की काळं पातेलं आतून चांदीसारखं होई. कल्हई गेलेल्या पितळेत आमटी कळकते, म्हणून हा खर्च टाळता येत नसे. पुढे मुंबईला कामाला गेलेल्या माणसांबरोबर स्टील आलं आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. गावकीची मोठी टोपं-पातेलीही मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने दिलेली. काठावर मंडळाचं नाव आणि साल कोरलेलं. लग्न उरकलं की ती घासायला आळीतल्या सगळ्या बायका. पुरुष मोजून घ्यायला.

महाडात भांड्याची गोष्ट खरकट्यावर संपत नाही; ती जातीपर्यंत जाते. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. त्यावर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. तळ्याच्या हक्काच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. भांडी घासणारीचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरं मी स्वतः पाहिली आहेत. तिने घासलेल्या ताटात जेवायला त्यांना चालायचं, तिचा कप मात्र खिडकीत. त्यांच्याकडे आता भांडी घासायचं मशिन आलं असेल, तर तो कप कुठल्या रॅकवर लागतो, बघायला आवडेल.

हे मशिन मुळात एका बाईचंच. जोसेफिन कॉक्रेन, अमेरिकेतल्या शेल्बीव्हिल गावची. १८८६ साली तिने पेटंट घेतलं, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडलं. पण गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं. आपल्याकडे त्याची खरी विचारपूस झाली २०२० च्या टाळेबंदीत, कामवाल्या बायका येईनाशा झाल्यावर. आमच्याकडे निमित्त झालं दुसऱ्या वर्षीच्या पुराचं. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर चिखलाने भरलेली भांडी घेऊन अख्खी आळी रस्त्यावर बसली होती. तेव्हाच सूनबाईने मनाशी ठरवलं असावं.

मशिन बघायला निघालो, तेव्हा “आई, तुमचा मोठा टोप घेऊनच चला,” ती म्हणाली. शहाणी पोर. कागदावरचे तेरा-चौदा सेट युरोपातल्या सपाट ताटल्यांचे असतात. आपला टोप बसतो का आणि वरचा रॅक सरकवता येतो का, हे दुकानातच बघावं. दुकानदार झटपट धुण्याचं कौतुक करत होता. पण मशिन वीज खातं ते मुख्यतः पाणी तापवायला. ‘इको’वर पाणी कमी तापतं, म्हणून तीन तासांच्या वर वेळ लागतो, साधारण नऊ-दहा लिटर पाणी आणि एक युनिटच्या आसपास वीज. मशिन भरल्याशिवाय लावू नये. खरकटं झटकावं, नळाखाली धुऊ नये. नाहीतर वाचवलेलं पाणी तिथेच गेलं. युरोपात हाताने घासायलाही गरम पाणी लागतं, म्हणून तिथे वीजही वाचते. आपण घासतो गार पाण्याने, तेव्हा आपल्याकडे पाणी वाचतं आणि बिल थोडं वाढतं. हे दुकानात कोणी सांगत नाही. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, बिडाचा तवा, पोळपाट अजून मोरीवरच.

माहेरी गेले तेव्हा हे सगळं वहिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “नऊ लिटर म्हणजे एक कळशीच की वन्सं. ओतायची कुठून?”

ओतता येत नाही, त्याला नळच लागतो, म्हटलं.

“मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाली, आणि शेंडी उचलली.